‘निवांत’ सायकल सहलीत महामार्गावर नेणाऱ्या मार्गाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : शेतशिवार व तलावकाठ सायकल सहलीतील सदोष मार्ग-फाइल, अयोग्य सायकली आणि माझ्या तक्रारीला मिळालेले उत्तर

महोदय/महोदया,

तुमच्या मदतकक्षाचे उत्तर मिळाले. ‘ग्राहकाच्या उपकरणाने पर्यायी मार्ग निवडला, त्यास कंपनी जबाबदार नाही,’ एवढ्या एका ओळीत तुम्ही हात वर केले आहेत. हे उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही ते जरा सविस्तर लिहिते. तुमच्याकडे हे पत्र वाचणारी व्यक्ती स्वतः सायकल चालवत असेल तर तिला फार समजावून सांगावे लागणार नाही.

‘वाहनांपासून दूर, शेतांमधल्या शांत रस्त्यांनी आणि तलावाच्या काठाकाठाने’ ही तुमची जाहिरात वाचून मी आणि माझ्या धाकट्या भावाने नोंदणी केली. सायकली तुमच्या, मुक्काम तुम्ही ठरवलेले आणि रोजचा मार्ग तुम्ही दिलेल्या जीपीएक्स फाइलमध्ये, म्हणजे हँडलवरच्या वाट दाखवणाऱ्या जीपीएस यंत्रात भरायच्या मार्गाच्या फाइलमध्ये. सामान मात्र आमचे आम्हीच वाहायचे होते, त्याबद्दल तक्रार नाही. नकाशा घेऊन आम्हालाही रस्ते शोधता आले असते. ती यातायात नको म्हणूनच तर तुम्हाला पैसे मोजले.

पहिला टप्पा बरा गेला. दुसऱ्या टप्प्यात शेतांचा पट्टा संपत आला तशी हँडलवरच्या यंत्राने उजवीकडे वळण्याची खूण दाखवली आणि आम्ही थेट महामार्गावर आलो. कडेला सायकलपुरतीही पट्टी नाही, पांढऱ्या रेघेपलीकडे लगेच खडी आणि उतार. मालट्रक शेजारून जाताना हवा आधी बाहेर ढकलते आणि तो पुढे सरकला की तीच हवा आत ओढते. मागे दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा असताना हा हिसका नुसता जाणवत नाही, सायकल अक्षरशः वाकडी होते. अनेक देशांत सायकलस्वाराला ओलांडताना वाहनाने निदान १.५ मीटर अंतर सोडावे असा नियम आहे. त्या अरुंद रस्त्यावर समोरूनही वाहने येत असताना ते शक्यच नव्हते. जीव मुठीत धरून काही अंतर काढले आणि पहिला शेतरस्ता दिसताच खाली उतरून उभे राहिलो. तुमचा ‘चोवीस तास मदत’वाला क्रमांक तिथून लावला. तो वाजत राहिला आणि मग ध्वनिमुद्रित आवाजाने कार्यालयीन वेळेत संपर्क साधायला सांगितले.

आता उपकरणाच्या दोषाबद्दल. परत आल्यावर मी तुमची फाइल उघडून पाहिली. जीपीएक्स काही गूढ प्रकार नाही, तो साधा मजकूर असतो. त्याची २००४ साली आलेली १.१ ही आवृत्ती आजही सगळीकडे चालते. तीत वाट दोन प्रकारे देता येते. ‘ट्रॅक’ म्हणजे रस्त्याच्या वळणावळणाचे बिंदू, जवळजवळ दिलेले. यंत्र ती रेघ जशीच्या तशी दाखवते. ‘रूट’ म्हणजे मोजके बिंदू; त्यांच्या मधला रस्ता यंत्राने आपल्याजवळच्या नकाशावरून स्वतः काढायचा. तुम्ही दिलेली फाइल ‘रूट’ आहे, आणि नेमक्या त्या वळणानंतरच्या दोन बिंदूंमध्ये ११ किलोमीटरचे अंतर आहे. मधे काय आहे याची यंत्राला तुम्ही काहीच कल्पना दिलेली नाही. माझ्या यंत्राने जवळचा रस्ता धरला, तो महामार्ग निघाला. भावाचे यंत्र दुसऱ्या बनावटीचे. ते त्याच ठिकाणी त्याला नांगरलेल्या रानातल्या बैलगाडीच्या वाटेवर घालत होते. एकाच फाइलवरून दोन यंत्रे दोन भलत्या दिशा दाखवत असतील तर दोष कुणाचा?

आम्ही तिथे उभे असताना रानात ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका गृहस्थांनी इंजिन बंद केले आणि बांधापर्यंत चालत आले. ‘पिवळ्या सायकलीवाले ना? सगळे इथेच येऊन अडकतात,’ हे त्यांचे पहिले वाक्य. याचा अर्थ हा प्रकार आमच्याच बाबतीत घडला असे नाही. त्यांनी हाताने दाखवलेली वाट पाटाच्या भरावावरून जाते. डांबर जुने पण घट्ट, दोन्हीकडे झाडे, वर्दळ जवळजवळ नाही, आणि थेट तलावाच्या काठाला उतरते. त्या वाटेवर थोडे पुढे गेल्यावर भाऊ एकदम थांबला आणि त्याने मोबाइलवर तुमचे माहितीपत्रक काढले. मुखपृष्ठावरचा रस्ता हाच! तोच वाकडा झालेला दगडी पूल, तीच झाडांची कमान. म्हणजे तुमच्या छायाचित्रकाराला ही वाट सापडली होती, फाइल बनवणाऱ्याला नाही. मला विचाराल तर हा मार्ग तुमच्याकडे कुणी सायकलवरून तपासलेलाच नाही. पडद्यावर चार ठिकाणी खुणा केल्या आणि ‘सहल’ म्हणून विकली.

चढाईच्या आकड्यावरूनही तेच दिसते. या टप्प्याची एकूण चढाई तुम्ही ३२० मीटर छापली आहे. भावाचे यंत्र हवेच्या दाबावरून उंची मोजते. त्यात ७४० मीटर भरली. शेतजमिनीचा हा भाग लांबून सपाट दिसतो, पण रस्ता सतत वीस-पंचवीस मीटर चढतो आणि तेवढाच उतरतो. बिंदू विरळ असले की मधल्या या टेकाडांचा हिशेबच होत नाही, फक्त बिंदूंच्या उंचीतला फरक उरतो. आकडा कमी दिसतो आणि मांड्या भरून येतात त्या आमच्या.

त्यात सायकली. ‘पर्यटनासाठी खास’ म्हणून दिलेल्या या सायकलींचा सर्वांत हलका गिअर म्हणजे साखळीच्या पुढच्या चक्राला ३४ दाते, मागच्याला २८. या जोडीत पायडलच्या एका फेरीला सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरले, तर १० टक्क्यांच्या चढावर मिनिटाला ६० फेऱ्या राखायला २५० वॅटच्या आसपास जोर लावावा लागतो. हौशी माणसाला तेवढा फार वेळ झेपत नाही. पुढे २६ आणि मागे ३४ असती तर एका फेरीला १.६ मीटर आणि १६० वॅटच्या आसपास काम भागले असते. सामान लादून चालवायच्या सायकलीला असाच गिअर लागतो, हे सायकल भाड्याने देणाऱ्याला मी सांगायला नको. टायर २८ मिलिमीटर रुंदीचे. कच्च्या रस्त्यावर त्यांची काय अवस्था झाली ते लिहीत बसत नाही, पंक्चर काढलेल्या ट्यूबचे छायाचित्र सोबत आहे.

आणखी एक गोष्ट, छोटी पण तुमच्या हातातली. ‘सकाळी आरामात दहा वाजता निघा’ असा सल्ला तुम्ही देता. पाण्यापेक्षा जमीन लवकर तापते, त्यामुळे उन्हाच्या दिवसांत दुपारी वारा तलावाकडून जमिनीकडे वाहू लागतो. दहाला निघालेला माणूस शेवटचा पट्टा ऐन दुपारी तलावाकडे तोंड करून चालवणार. ताशी १८ किलोमीटरने जाताना समोरून तेवढ्याच वेगाचा वारा आला तर हवेचा अवरोध चौपट होतो. सातला निघा, एवढे लिहायला काय हरकत आहे?

तलावकाठाबद्दल मात्र जाहिरातीत खोटे काही नाही. पाणकणसांच्या दाटीतून मधूनच उघडे पाणी, खुंटांवर पंख वाळवत बसलेले पाणकावळे, आणि रस्ता इतका निवांत की फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू यावी. मुक्कामाची माणसेही अगत्याची होती. त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही, आणि तुमच्या उत्तरात ‘सहल एकंदर समाधानकारक’ असे जे लिहिले आहे ते त्यांच्या पुण्याईने. ते श्रेय तुम्ही घेऊ नये.

दुसऱ्या टप्प्याचे शुल्क आणि दोन्ही सायकलींचे संपूर्ण भाडे परत मिळावे, ही माझी मागणी आहे. ‘उपकरणाचा दोष’ हे उत्तर तुम्ही लेखी मागे घ्यावे. सध्याची फाइल काढून तिच्या जागी कुणीतरी प्रत्यक्ष चालवून नोंदवलेला ‘ट्रॅक’ द्यावा. पाटाच्या भरावावरून आम्ही गेलो तो ट्रॅक सोबत पाठवत आहे, तो तपासून खुशाल वापरा. माहितीपत्रकात डांबरी रस्ता किती, कच्चा किती आणि सायकलीचा सर्वांत हलका गिअर कोणता हेही छापा, म्हणजे घेणाऱ्याला आधीच ठरवता येईल.

या सहलीच्या पुढच्या तुकड्यांची नोंदणी अजून चालू दिसते. ज्यांच्या हाती ही फाइल आधीच पडली आहे त्यांना त्या उजव्या वळणाची सूचना आजच्या आज पाठवा. माझ्या पैशांचे उत्तर पंधरा दिवसांत आले तरी चालेल.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत : नोंदणीची पावती, तुमची मूळ फाइल, आमचा नोंदवलेला ट्रॅक, महामार्गाची, सायकलींची व ट्यूबची छायाचित्रे, मदतकक्षाच्या उत्तराची प्रत.