गाठी आणि भिंत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. त्यातलं शेवटचं वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. जुन्या रॉक अल्बमांचं हल्ली सराउंडसाठी, म्हणजे ऐकणाऱ्याभोवती मांडलेल्या स्पीकरांसाठी, नव्यानं मिक्स करतात (कुठला आवाज कुठून आणि किती यावा हे पुन्हा ठरवतात); त्याबद्दल, पन्नास वर्षांपूर्वी हातावेगळं केलेलं काम पुन्हा उघडायचा अधिकार कुणाला, असं तू विचारलं आहेस. फोनवर बोललो असतो तर नेहमीसारखे एकमेकांचं बोलणं तोडत बसलो असतो, म्हणून सावकाश लिहितोय.

तुझी बाजू मला कळते. गिटार किती पुढे, ड्रम किती मागे, आवाजाला किती घुमारा, हे सगळं बँडनं आणि इंजिनिअरनं मिळून ठरवलं आणि तिथेच अल्बम पुरा झाला. आता कुणी तेच सूर पाच स्पीकर आणि एका सबवूफरमध्ये (यालाच ५.१ म्हणतात) वाटून दिले, तर तो दुसराच अल्बम होतो. असं मानणारे चाहते पुष्कळ आहेत आणि ते उगाच हट्ट धरून बसलेले नाहीत. त्यांनी त्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या आहेत. एखादा फेड-आउट, म्हणजे गाण्याचा विरत जाणारा शेवट, दोन सेकंद लांबला तरी त्यांना लगेच जाणवतं, आणि ते जाणवणं खरं असतं.

एक गोष्ट मात्र मी मान्य करणार नाही. सराउंड ही नंतरच्या पिढीनं जुन्या संगीतावर लादलेली हौस आहे, असं तू लिहिलंस, ते निदान पिंक फ्लॉइड या बँडच्या बाबतीत खरं नाही. १२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी जो कार्यक्रम केला, त्यात आवाज प्रेक्षकांभोवती फिरवायचं यंत्र होतं. त्याचं नाव अ‍ॅझिमथ को-ऑर्डिनेटर. कीबोर्डवादक रिक राइट वाजवता वाजवता त्याचा दांडा हलवायचा आणि सूर सभागृहाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायचा. त्यांचा 'द डार्क साइड ऑफ द मून' १९७३ साली आला आणि त्याच साली ध्वनि-इंजिनिअर अ‍ॅलन पार्सन्सनं त्याचं चार स्पीकरांचं क्वाड मिक्सही केलं. त्यातल्या 'टाइम' गाण्याच्या सुरुवातीची घड्याळं तर पार्सन्सनं एका जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती, आणि तीही क्वाडच्या प्रात्यक्षिकासाठी. आपण आयुष्यभर जी घड्याळं दोन स्पीकरांतून ऐकली, ती मुळात चार कोपऱ्यांसाठी होती!

क्वाड बुडालं ते संगीतामुळे नाही. एसक्यू, क्यूएस आणि सीडी-४ अशा एकमेकांशी न जुळणाऱ्या तीन पद्धती बाजारात आल्या. पहिल्या दोनांत चार वाहिन्या तबकडीच्या खोबणीच्या दोन बाजूंत कोंबाव्या लागत, त्या पुन्हा सोडवताना एकमेकींत मिसळत. तिसरीला खास सुई लागे. लोक कंटाळले आणि दशक संपायच्या आत सगळं विरलं. पार्सन्सचं ते मिक्स त्या अल्बमच्या २०११ च्या संचात अधिकृतपणे पुन्हा हाती आलं, तोवर दुसरा इंजिनिअर जेम्स गथ्री याचं २००३ चं ५.१ मिक्स लोकांच्या कानात मुरलं होतं. दोन तट पडणारच होते. पार्सन्सचे चाहते म्हणतात, त्यात धाडस आहे. गथ्रीचे म्हणतात, यात तोल आहे. मला घड्याळं पार्सन्सची हवीत आणि बाकीचा अल्बम गथ्रीचा. एकच निवडायचं झालं तर गथ्री, कारण तिथे गाणं आवाजाच्या करामतीखाली दबत नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. 'काम पुरं झालं' म्हणजे नेमकं काय झालं होतं? किंग क्रिमसन या बँडचा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' घे. १९६९ साली वेसेक्स स्टुडिओत आठ ट्रॅकच्या, म्हणजे एकाच टेपवर आठ आवाज वेगवेगळे टिपणाऱ्या, यंत्रावर तो झाला. आठ ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि रिकाम्या झालेल्या जागी पुढची वाद्यं भरायची. असं प्रत्येक वेळी उतरवताना टेपची खरखर वाढते आणि सुराची धार जाते. बँडचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याच्या सोबतीनं संगीतकार स्टीव्हन विल्सननं २००९ साली या अल्बमचं ५.१ मिक्स केलं, तेव्हा तो एकत्र करण्याआधीच्या, पहिल्या पिढीच्या रिळांपर्यंत मागे गेला आणि ती एकमेकांशी जुळवून घेतली. म्हणजे ड्रमचे जे ठोके १९६९ साली मिक्स करणाऱ्यांनासुद्धा झिजलेलेच मिळाले होते, ते आपल्याला कोरे मिळाले. हे बदलणं कसं म्हणायचं? त्या लोकांनी त्या खोलीत जे वाजवलं, त्याच्या एक पाऊल जवळ जाणं आहे हे.

तुला एक जागा सांगतो. मेलोट्रॉन हे कीबोर्डसारखं वाद्य. त्याच्या प्रत्येक पट्टीमागे टेपची एक फीत असते, साधारण आठ सेकंदांची. पट्टी दाबली की फीत हेडवरून सरकते, सोडली की झटक्यानं मागे जाते. त्यामुळे सूर हवा तितका लांबवता येत नाही, आठ सेकंदांच्या आत बोट उचलावंच लागतं. या अल्बममधलं 'एपिटाफ' मी किती वेळा ऐकलं असेन याचा हिशेब नाही, पण त्यात मेलोट्रॉन वाजवणाऱ्या इयन मॅकडोनल्डचं बोट उचललं जाण्याच्या जागा मला या मिक्समध्ये पहिल्यांदा कळल्या. एक फीत संपत येते, सूर किंचित थरथरतो आणि पुढचा सूर त्याला सांभाळून घेतो. जुन्या मिक्समध्ये तो एक मोठा ढग होता. इथे त्या ढगामागे माणूस आहे. मी गाणं थांबवलं आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

आणि याच अल्बममध्ये माझं एक दुखणंही आहे. 'मूनचाइल्ड'मधला उत्स्फूर्त वादनाचा भाग २००९ च्या मिक्समध्ये सुमारे अडीच मिनिटांनी कापला आहे. फ्रिपची संमती होती, मला ठाऊक आहे. मूळ मिक्सही त्याच संचात आहे, तेही ठाऊक आहे. तरी मला ते पटत नाही. त्या भागात तिघं चाचपडत एकमेकांना शोधतात. कुणाला तो कंटाळवाणा वाटतो, पण ते चाचपडणं हाच त्याचा प्राण आहे. रीमिक्स करणाऱ्यानं जागा बदलाव्यात, धूळ पुसावी, पण वेळेला हात लावू नये. इथे मी पूर्णपणे तुझ्या बाजूचा आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. चाहत्यांचा वाद बहुतेक वेळा 'मागच्या स्पीकरांत पुरेसं काही आहे का' यावर अडतो. कुणाला मागून फक्त सभागृहाचा घुमार हवा असतो, कुणाला मागे आख्खा ऑर्गन हवा असतो. माझ्या मते प्रश्न मागे किती हा नसून ते संगीत कशानं बांधलंय हा आहे. काही संगीत गाठींचं असतं, काही भिंतीचं.

गाठींचं म्हणजे जेंटल जायंट बँडचं 'नॉट्स'. नावातच गाठी आहेत. १९७२ च्या 'ऑक्टोपस'मधलं हे गाणं, विल्सनचं ५.१ मिक्स २०१५ चं. चार गळे एकामागून एक शिरतात, एक शब्द अर्धा सोडतो, दुसरा उचलतो, तिसरा मध्येच आडवा येतो. स्टिरिओत मला ती एक सुंदर गुंतवळ वाटायची, चकित व्हायचो पण धागा हाती लागायचा नाही. सराउंडमध्ये आवाज खोलीभर वाटले गेले आणि मी एकाच आवाजाचं बोट धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत जाऊ शकलो. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. ती गाठ सुटली नाही रे, ती कशी मारली आहे ते दिसलं. हे संगीत लिहितानाच चार दिशांचं होतं, त्याला दोन स्पीकरांत दाटीवाटीनं राहावं लागलं इतकंच. म्हणून त्यांच्या पहिल्या तीन अल्बमबद्दल वाईट वाटतं. २०१७ चं 'थ्री पीस स्वीट' त्या तिघांतून निवडून काढलेल्या गाण्यांचं आहे, कारण मल्टिट्रॅक टेपा (ज्यांवर प्रत्येक वाद्य वेगळं असतं) हाती लागल्या त्या तेवढ्याच गाण्यांच्या. उरलेल्या गाठी आता गुंतलेल्याच ऐकायच्या.

भिंतीचं संगीत म्हणजे किंग क्रिमसनच्याच १९७४ च्या 'रेड' अल्बमचं शीर्षकवादन. फ्रिप, वेटन, ब्रुफर्ड, तिघंच. पण गिटारचे थर एकावर एक चढवून ते अशी काही भिंत उभी करतात की तिच्यासमोर उभं राहायला हवं. ५.१ मध्ये ते थर माझ्याभोवती पसरले, प्रत्येक थर स्वच्छ, आणि धाक मात्र गेला. भिंतीच्या आत शिरलं की ती भिंत राहत नाही. लक्षात घे, २००९ साली 'रेड'ची आवृत्ती निघाली तेव्हा ५.१ मिक्स नवं होतं, पण सोबतचं स्टिरिओ मूळचंच ठेवलं होतं. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. 'रेड' मी आजही दोनच स्पीकरांवर ऐकतो, आवाज मोठा करून.

अर्थात सगळं काही या दोन खणांत बसत नाही. येस या बँडच्या 'रिलेयर' अल्बममधलं 'द गेट्स ऑफ डेलिरियम' ही भिंत समजून मी वर्षानुवर्षं ऐकलं. त्यातल्या लढाईच्या भागात इतका कर्कश कल्लोळ आहे की कान मिटून घ्यावेसे वाटायचे. विल्सनचं २०१४ चं मिक्स ऐकलं आणि कळलं की ती मुळात भिंत नव्हतीच. हावची गिटार एका बाजूनं चाल करून येते, मोराझची वाद्यं दुसरीकडून उत्तर देतात, मध्ये लोखंडाचा खणखणाट. एकेक हल्ला वेगळा. आणि मग सगळं ओसरून 'सून' (Soon) हा शेवटचा भाग सुरू होतो तेव्हा जी शांतता पसरते, ती आधीची लढाई नीट ऐकू आल्यामुळेच इतकी खोल जाते. म्हणजे गाठ कुठली आणि भिंत कुठली हे ऐकल्याशिवाय ठरत नाही, हेही तुला सांगायला हवं.

येसचंच 'क्लोज टू द एज' आणखी वेगळं. संथ भागानंतर तो पाइप ऑर्गन कोसळतो ना, तो रिक वेकमननं लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये वाजवला आहे. तिथे मला सराउंड हवाच, कारण तो ऑर्गन त्या वास्तूसकट टिपलेला आहे. सूर संपल्यावर छताकडून परत येणारा घुमार समोरून आला तर ते चर्चचं चित्र होतं, चारी बाजूंनी आला तर आपण आत असतो.

जेथ्रो टल बँडच्या 'अ‍ॅक्वालंग'बद्दल फार लिहीत नाही, कारण २०११ च्या मिक्सबद्दल चाहत्यांमध्ये फारसं दुमत नाही. मूळ ध्वनिमुद्रण गढूळ होतं, ते निवळलं. जेनेसिसबद्दल मात्र भांडण आहे आणि ते रास्त आहे. निक डेव्हिसनं २००७-०८ च्या सुमारास केलेल्या मिक्समध्ये सराउंडची मांडणी मला आवडते, पण एकूण आवाज चढा आणि टोकदार केला आहे. हळूचा आणि मोठ्याचा फरक आक्रसला आहे. ज्या बँडचं निम्मं सौंदर्य कुजबुजीतून गर्जनेपर्यंत जाण्यात आहे, तिथे हे फार लागतं. अ‍ॅटमॉसबद्दल, म्हणजे छतातल्या स्पीकरांबद्दल, मी इतक्यात बोलणार नाही. पुरेसं ऐकलेलं नाही.

आणखी एक, हे माझ्याकडून तुला देणं आहे. जेथ्रो टलच्याच 'थिक अ‍ॅज अ ब्रिक'चं २०१२ चं मिक्स बिघडलंय, हॅमंड ऑर्गन मानेवर येऊन बसतो, असं मी तुला ठासून लिहिलं होतं. ते मी मागे घेतो. गेल्या महिन्यात दोरी घेऊन खुर्चीपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजलं. पुढचे सहा फुटांवर, मागचे तीन. अंतर निम्मं झालं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलनं वाढतो, खोलीत थोडा कमी, पण वाढतोच. मागच्या स्पीकरांचा आवाज मी त्या मानानं उतरवलाच नव्हता. तो उतरवला आणि ऑर्गन आपल्या जागी गेला, बासरीच्या जरा मागे, जिथे तो असायला हवा. इतके महिने एका चांगल्या कामाला मी नावं ठेवली याचं मनापासून वाईट वाटतं. तेव्हापासून कुणी 'मिक्स वाईट' म्हणालं की आधी विचारतो, मोजलंस का?

पुढच्या वेळी येशील तेव्हा मूळ स्टिरिओ आधी लावू, तुझ्या मनासारखं, पूर्ण. मग 'नॉट्स'. मग पुन्हा स्टिरिओत 'रेड'. पाचही स्पीकरांचा आवाज बरोबर जुळतो अशी जागा खोलीत एकच आहे आणि तिथे एकच खुर्ची मावते. ती तुझी. मी मागे दाराशी उभा राहीन.

तारीख कळव.

तुझाच