आई-बाबा, बोट कुठे ठेवायची ते ठरलं

प्रिय आई, बाबा,

नमस्कार. परवा फोनवर बाबांनी विचारलं की बोट घेतलीत ते समजलं, पण ती नुसती उभी करून ठेवायला दर महिन्याला एवढे पैसे कशाला, खाडीत नांगरावर ठेवली तर काय बिघडतं, आणि आईने मागून विचारलं की वादळ आलं तर काय करता, आणि तेवढ्यात छोटी उठली आणि बोलणं तिथेच राहिलं. दोन्ही प्रश्न इतके बरोबर होते की फोनवर घाईघाईत उत्तर द्यायची इच्छाच नव्हती. म्हणून लिहितेय. थोडं लांबेल.

आधी सांगून टाकते, जागा ठरलीये. हाफ मून बे मरीना. मरीना म्हणजे बोटी धक्क्याला बांधून ठेवायची आडोशाची जागा. ऑकलंडच्या पूर्वेला तामाकी नदी समुद्राला मिळते तिथे, मुखाच्या थोडं आत, आणि आमच्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं.

बोट कुठली घ्यायची यावर आम्ही डोकं लावलं त्यापेक्षा जास्त डोकं ती ठेवायची कुठे यावर लावलं, आणि मला तेच योग्य वाटतं, कारण बोट वर्षातले थोडेच दिवस समुद्रात जाते, बाकी सगळा वेळ ती एका जागी बांधलेली असते, आपण ऑफिसात असताना, रात्री झोपलेलो असताना, महिनाभर भारतात आलेलो असताना. त्या सगळ्या वेळात तिला काय होतं ते ती जागाच ठरवते. वारा कुठून लागतो, लाटा किती आत येतात, पाण्यात वीज किती झिरपते, कोणी येऊन दोर बघतं का नाही. आणि आपण किती वेळा जाणार तेही जागाच ठरवते, हे मला इथल्या जुन्या बोटवाल्यांनी सगळ्यात आधी सांगितलं. तासाभराच्या अंतरावर ठेवलेल्या बोटी मी बघितल्यात बाबा, दोरांवर शेवाळ, पाण्याच्या रेषेला हिरवी दाढी, शिडाचं कव्हर उन्हाने फाटलेलं. मालकाचं प्रेम नसतं असं नाही, त्याला शनिवारी ट्रॅफिकमधे बसायचं नसतं एवढंच.

आता बाबांचा नांगराचा मुद्दा. गेटवेसमोर यॉट नांगरावर डुलत असतात तसं इथेही आहे, त्याला स्विंग मूरिंग म्हणतात, म्हणजे तळाशी मोठं वजन, त्याला जाड साखळी, वर तरंगतं बोय आणि बोट त्याला बांधून वाऱ्याबरोबर फिरत राहते. मरीनापेक्षा बरंच स्वस्त पडतं. पण तिथपर्यंत जायला छोटी डिंगी लागते, ती किनाऱ्यावर कुठेतरी ठेवायची, दर वेळी ढकलत पाण्यात न्यायची, कडेवर पोर आणि हातात जेवणाचा डबा घेऊन तिच्यातून बोटीवर चढायचं. साखळी तळाशी घासून घासून झिजते, ती ठराविक काळाने पाणबुड्याकडून तपासून घ्यावी लागते, आणि ती नेमकी कधी तुटते तर मोठ्या वाऱ्यात, जेव्हा आपण तिथे नसतो. गेटवेच्या यॉटसुद्धा पावसाळ्यात बाहेर काढतात. आपल्याकडे आगोट आली की होड्या वर ओढायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याकडे बघायचं नाही, त्या पद्धतीत खूप शहाणपण आहे. पण इथे तसा बंद हंगामच नाही. नैऋत्येचा वारा वर्षभर कमीजास्त चालूच असतो आणि उन्हाळ्यात, म्हणजे तुमच्या जानेवारी ते मार्चमधे, उत्तरेकडे उष्ण कटिबंधात झालेली चक्रीवादळं खाली सरकत येतात तेव्हा ईशान्येचा वारा सुटतो. फेब्रुवारी २०२३ मधे गॅब्रिएल आलं ते तुम्ही टीव्हीवर बघून काळजीने फोन केला होतात, ते असंच. त्यामुळे बोट बाराही महिने पाण्यात आणि बाराही महिने सुरक्षित राहील अशी जागा हवी.

ऑकलंडला दोन बाजूंनी समुद्र आहे. पश्चिमेला मनुकाऊ बंदर, पूर्वेला वाइटेमाटा बंदर. पश्चिमेचा प्रश्नच नव्हता, तिथे मुखाशी वाळूचा दांडा आहे आणि त्यावर लाटा फुटतात, १८६३ मधे ऑर्फियस नावाचं ब्रिटिश आरमाराचं जहाज तिथेच फुटलं आणि १८९ माणसं गेली, न्यूझीलंडच्या इतिहासातला सगळ्यात मोठा सागरी अपघात तो. म्हणून जवळजवळ सगळी शिडाची मंडळी पूर्वेला.

पूर्वेला पहिलं नाव वेस्टहेवन. हार्बर ब्रिजच्या पायथ्याशी, हजार-दोन हजार बोटींचं रान, शहराच्या अगदी मधे. बघायला गेलो तेव्हा मी हरखूनच गेले, डोलकाठ्याच डोलकाठ्या. सगळ्या सोयी हाताशी, दुरुस्तीवाले, शिडं शिवणारे, रंगवाले सगळे चालत जायच्या अंतरावर. पण आम्ही राहतो तिथून शनिवार सकाळचा मोटरवे पार करून जायचं आणि भाडंही जास्त, त्यामुळे मन मारलं. मग उत्तरेला गल्फ हार्बर, व्हांगापराओआच्या टोकाला. तिथून बाहेर पडलं की तिरितिरी मातांगी बेट समोरच, कावाऊ बेट एका दिवसात सहज, समुद्र म्हणून सगळ्यात सुंदर जागा तीच. पण आमच्या घरापासून फारच लांब. तिकडे राहणाऱ्याने डोळे झाकून घ्यावी. पाइन हार्बर पण बघितलं, बीचलँड्सला, गोड छोटी जागा, पण आत यायची वाट खोदून केलेली आणि अरुंद आहे, आणि आपल्या बोटीचा तळातला कणा पावणेदोन मीटर खाली जातो, म्हणजे मोठ्या ओहोटीला घड्याळ बघूनच आत-बाहेर करायला लागलं असतं. दिवसभर फिरून दमून परत यायचं आणि पाणी चढेपर्यंत बाहेर थांबायचं, लहान पोराला घेऊन, हे मला नको होतं.

मरीना बघायला ऊन पडलेल्या रविवारी जायचं नाही, हे मी आता कोणालाही सांगेन. त्या दिवशी सगळ्याच जागा छान दिसतात. आम्ही मुद्दाम ईशान्येचा जोर असताना गेलो आणि मोठ्या ओहोटीच्या वेळी गेलो. हाफ मून बेला पाँटूनच्या टोकाला उभी राहून नुसती बघत होते. पाँटून म्हणजे तरंगता धक्का, उंच खांबांना अडकवलेला, पाण्याबरोबर वर-खाली होतो. बाहेरच्या ओळीतल्या बोटी ओढल्यासारख्या पुढे-मागे होत होत्या, दोर ताणला की त्यातून पाणी पिळून निघत होतं, परत सैल, परत ताण, फेंडर, म्हणजे बोट धक्क्याला घासू नये म्हणून मधे लटकवलेले फुगे, दाबले जाऊन कुरकुरत होते. आतल्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत गेलो तर वारा तोच, पण बोटी फक्त किंचित मान हलवत होत्या आणि दोर सैलच. तिथेच आमचं ठरलं, आतली ओळ, थोडे दिवस वेटिंगवर थांबायला लागलं तरी चालेल. बोटींचे दोर कुठे घासलेत ते बघायचं, एकाच बाजूच्या सगळ्या बोटींचे घासले असतील तर लाट तिकडूनच येते, ऑफिसमधल्या माणसाला विचारायचीसुद्धा गरज नाही.

नदीमुळे भरती-ओहोटीचा ओढ आहे, ते खरंय. आत वळताना पाणी बोटीला आडवं ढकलतं. म्हणून सध्या आम्ही पाणी थबकलेलं असताना येतो-जातो, सवय होईल. बाबा, तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा तुमचा हिशोब इथे तसाच लागू पडत नाही, भरतीच्या वेळा वेगळ्या आहेत, पण उधाण आणि भांग मात्र अगदी तुमच्यासारखीच, अमावास्या-पौर्णिमेला तीन मीटरपर्यंत फरक आणि अष्टमीच्या आसपास कमी. मी अजूनही पंचांग बघून अंदाज बांधते आणि मग टाइड टेबल उघडते.

या तीन मीटरचा तुमच्याशी थेट संबंध आहे. पाँटून पाण्याबरोबर खाली जातो पण किनारा तिथेच राहतो, त्यामुळे किनाऱ्यावरून पाँटूनवर उतरायचा जो लोखंडी पूल असतो तो भरतीला जवळजवळ सपाट असतो आणि ओहोटीला चांगलाच उतार घेतो. बाबांच्या गुडघ्यासाठी मी तो पूल ओहोटीला स्वतः उतरून-चढून बघितलाय. दोन्ही बाजूला कठडा आहे, जाळीवर पाय घसरत नाही. आणि पाँटूनवर पोचलं की पुढे काळजी नाही, पाँटून आणि बोट एकत्रच वर-खाली होतात, पायरीची उंची कायम तेवढीच. तरी तुम्ही आल्यावर आपण भरतीची वेळ धरूनच जायचं, हे मी आत्ताच ठरवून टाकलंय.

पैशाचं सांगते. बर्थ, म्हणजे मरीनातली एका बोटीची जागा, दोन प्रकारे मिळतो, एक तर भाड्याने, नाहीतर बरीच वर्षं वापरायचा हक्क विकत घ्यायचा. विकत घेतला तरी खालचं पाणी आपलं होत नाही, मुदत संपत आली की किंमत उतरत जाते, आपल्याकडच्या लीजच्या जागेसारखं, आणि शिवाय दर वर्षी देखभालीचे पैसे वेगळे. कित्येक लोकांना वाटतं घर घेतल्यासारखं आहे, वाढेल, तसं मला अजिबात वाटत नाही. आम्ही भाड्यानेच घेतलाय. आणि हो, मोजमाप पुढच्या नांगराच्या टोकापासून मागच्या शिडीपर्यंत करतात, कागदावरच्या लांबीवर नाही, त्यामुळे कागदावर जेमतेम बसणारी बोट प्रत्यक्षात वरच्या साइजच्या बर्थमधे जाऊन भाडं वाढतं. थर्ड पार्टी इन्शुरन्स असल्याशिवाय मरीना आत घेतच नाही, आणि इन्शुरन्सवाल्यांचा पहिला प्रश्न असतो की बोट ठेवता कुठे. म्हणजे बाबा, ते पैसे फक्त उभं करायचे नाहीत. रात्री कोणी फेरी मारतं, दोर सुटला तर बांधतं, बोटीत पाणी दिसलं तर फोन करतं, त्याचे आहेत.

विजेचं तुम्हाला नक्की आवडेल, आयुष्यभर वायरिंग केलंत म्हणून सांगते. बर्थवर प्लग असतो पण तो वापरायला बोटीचं इलेक्ट्रिकल वॉरंट लागतं, तपासनीस येऊन बघून देतो, चार वर्षं चालतं. कारण खाऱ्या पाण्यात शेजारच्या बोटीची अर्थिंग आणि आपली अर्थिंग प्लगमधून जोडली जाते आणि वेगवेगळे धातू एकाच पाण्यात, म्हणजे ती बॅटरीच झाली. आधी जस्ताचे तुकडे झिजतात, ते त्यासाठीच लावलेले असतात, ते संपले की मग प्रोपेलर आणि शाफ्टवर येतं. चांगल्या मरीनात वॉरंटची सक्ती कडक असते ते म्हणूनच बरं. मी प्लग कायम लावून ठेवतच नाही, बॅटरीला छोटं सोलर पॅनल बसवलंय.

आणि तळाची सफाई. भूमध्य समुद्रातला एक नळीसारखा किडा, फॅनवर्म, २००८ मधे या देशात सापडला आणि पुढच्याच वर्षी ऑकलंडच्या बंदरात. बोटींच्या तळाला चिकटून तो एका बंदरातून दुसऱ्यात जातो आणि शिंपल्यांचं खाणं पळवतो. म्हणून इकडच्या बऱ्याच मरीनांचा नियम आहे, आत यायचं तर सहा महिन्यांत तळाला अँटीफाऊलिंग रंग, म्हणजे शेवाळ-किडे चिकटू न देणारा रंग, मारलेला हवा नाहीतर महिन्याभरात बोट उचलून धुतलेली हवी. सगळी बिलं मी फाइलला लावून ठेवते. काही लोक कटकट करतात, पण मला हा नियम मनापासून पटतो. ग्रेट बॅरिअर बेटावर २०२१ मधे परदेशी कॉलर्पा शेवाळ सापडलं तेव्हा ते नांगराबरोबर पसरू नये म्हणून काही खाड्यांमधे नांगर टाकायलाच बंदी आली, इतक्या सुंदर खाड्या. हाफ मून बेला बोट उचलायची क्रेन आणि यार्ड आतच आहे, हा तिचा मोठा गुण, दुसरीकडे न्यायला नको.

आता आई, तुझा प्रश्न. तुला खोटं सांगणार नाही. कुठलीच जागा शंभर टक्के सुरक्षित नसते. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाचा ज्वालामुखी फुटला, इथून दोन हजार किलोमीटरच्या आसपास, आणि त्याच रात्री ऑकलंडच्या उत्तरेला तुतुकाकाच्या मरीनात पाणी असं काही आत-बाहेर झालं की पाँटून मोडले आणि बोटी बुडाल्या. ती जागा वाऱ्यापासून आडोशाची, पण थेट मोकळ्या समुद्राच्या काठावर. आमच्या इथे समोर वाइहेकी आणि बाकी बेटं आहेत आणि मरीना नदीत आत आहे, म्हणून धोका कमी, आणि हे आम्ही जागा निवडताना धरलं होतं. वादळाचा अंदाज आला की मी आदल्या दिवशी जाऊन शिडं पूर्ण उतरवते, दोर दुप्पट करते आणि घरी येते. वादळात आपण बोटीवर नसायचं, हा आमच्या घरातला नियम आहे आणि तो मोडणार नाही. बाहेर जाताना कोस्टगार्डला रेडिओवर कळवतो किती माणसं, कुठे, कधी परत, आणि परत आल्यावर पुन्हा कळवतो. लाइफ जॅकेट छोटी पाँटूनवर पाय ठेवायच्या आधीच घालते, आता तिला सांगावंही लागत नाही.

मार्चच्या तिकिटांचं बघतेय, तेव्हा पाणी कोमट असतं. आई, तुझं वजन मला मेसेज कर, तुझ्या मापाचं जॅकेट आणायचंय, लाजू नकोस. आणि बाबा, गुडघ्याचं डॉक्टरांनी खरं काय सांगितलं ते लिहा, "ठीक आहे" नको, कारण बोटीत आत उतरायच्या शिडीला एक जादा मूठ बसवून घ्यायची का ते त्यावर ठरेल, सुतार पुढच्या आठवड्यात येणार आहे.

तुमची,
ताई