हात लावू नये, मग बनवलंच कशाला?

संपादक महाशय, नमस्कार.

ठाण्यात आमच्या घराजवळच्या तलावाकाठी (कुठला ते नाही लिहीत, उगाच कुणाला झोंबायला नको, तसंही ठाण्यात तलावांना काय तोटा) गेल्या उन्हाळ्यात दोन स्टीलचे खांब बसवले. मध्ये सहा-सात फुटांचं अंतर, दोन्हींवर एकेक पंजा कोरलेला आणि वर काचेचा मोठा गोळा. पहिले दोन दिवस लोकांना वाटलं ट्रॅफिकवाल्यांचं काहीतरी असेल. बाजूला बोर्ड होता पण सगळा इंग्रजीत, खाली क्यूआर कोड, आणि सकाळी सहाला चालायला येणारी माझ्यासारखी बाई मोबाईल घरी चार्जिंगला लावून आलेली असते.

शेवटी तिथल्या वॉचमनकाकांनीच सगळ्यांना शिकवलं. एकाने इकडे पंजा ठेवा, दुसऱ्याने तिकडे, आणि मध्ये एकमेकांचा हात धरा. धरला की गोळा पेटायचा, मंद केशरी. अंगातून अगदी बारीक करंट जातो, आपल्याला कळतही नाही, सर्किट पूर्ण होतं, एवढीच गंमत. पोरं तर आठ-दहा जणांचं वेटोळं करून बघायची कितीपर्यंत चालतंय. आमच्या ह्यांनी लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी चारचौघात कधी माझा हात धरला नव्हता, त्या दिवशी धरला आणि दिवा लागल्यावर सोडायचा विसरले. लाफ्टर क्लबच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या ते वेगळं.

मग आला पाऊस. ओल्या खांबावरून पाण्यानेच सर्किट पूर्ण व्हायला लागलं, म्हणजे कुणी नसताना रात्रभर गोळा आपला पेटलेला, आणि आम्ही हात धरून उभे राहिलो की बंद. एकाने पंजाच्या खाचेत च्युइंगगम भरलं. आठवड्यात दोरी बांधली आणि वर बोर्ड लागला, तोही या वेळी स्वच्छ मराठीत, "हात लावू नये". ज्या काकांनी आम्हाला हात लावायला शिकवलं तेच आता शिट्टी मारतात, त्यांचा तरी काय दोष.

माझी भाची डिझाईन शिकते, तिच्याकडे मी तक्रार केली तर ती म्हणाली मावशी, लोक हात लावणार हे धरूनच अशा गोष्टी बनवायच्या असतात, झिजणं-बिघडणं पण त्यातच आलं. तिने मग मला बरंच काय काय दाखवलं. मॉन्ट्रियलला २०११ साली रस्त्याकडेला २१ झोपाळे लावले, प्रत्येक झोक्याला सूर वाजतो, पण काही धून अशा की बरेच जण एका लयीत झुलले तरच वाजतात. आता झोपाळ्यावर काय करायचं हे कुणाला वाचून दाखवावं लागतं का? बोर्डच नको. न्यूयॉर्कमध्ये २०१० साली फुटपाथवर, बागांमध्ये ६० पियानो ठेवले, कुणीही या आणि वाजवा, आणि पियानोबरोबर एक ताडपत्री आणि पाऊस आला की ती टाकायला एक माणूस. ताडपत्री हो! आमच्याकडे जूनमध्ये प्रत्येक दुकानावर असते, फक्त त्या खांबांवर टाकायचं कुणाला सुचलं नाही.

मला सगळ्यात आवडली ती यायोई कुसामा या जपानी बाईंची खोली. ब्रिस्बेनच्या म्युझियममध्ये २००२ साली मुलांसाठी केली. खोली, टेबल, खुर्च्या, कपबश्या सगळं पांढरंशुभ्र, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात रंगीत गोल स्टिकर, लावा कुठे लावायचे ते. काही दिवसांत पांढरं शोधावं लागतं. मी फोटो बघून भाचीला म्हटलं अगं हा तर माझ्या बाथरूमचा आरसा आहे, आजीच्या, आईच्या आणि माझ्या टिकल्यांनी भरलेला, आणि ते भाचीला इतकं पटलं की ती अर्धा तास हसत होती. पण खरं सांगते, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. वायर नाही, सेन्सर नाही. लोक जे करतात त्यानेच ती खोली पूर्ण होते. न्यू ऑर्लिन्सला एका पडक्या घराच्या भिंतीला नुसता फळ्याचा काळा रंग लावून "मरायच्या आधी मला..." एवढंच लिहून बाजूला खडू ठेवले होते, २०११ सालीच, तर दुसऱ्या दिवशी भिंत भरली.

आपल्याकडे हे बसवणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक सेल्फी पॉइंटच असतो. नवी मुंबईत जागोजागी फ्लेमिंगो उभे आहेत, फोटो छान येतात, मी पण काढलेत, पण त्यांच्यासमोर उभं राहून दात दाखवण्यापलीकडे आपण करायचं काय? निदान त्या खांबांनी आम्हाला काहीतरी करायला लावलं होतं, म्हणून तर बंद पडल्याचा राग येतो.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी असं काही बसवायच्या आधी लाकडाचा किंवा पुठ्ठ्याचा कच्चा नमुना त्याच जागी आठ दिवस ठेवा आणि बाकावर बसून नुसतं बघा, लोक कुठे हात घालतात, पोरं कुठे लोंबकळतात, कुणाचा हात पोहोचतच नाही. आमच्या खांबावरचे पंजे माझ्या खांद्याच्या उंचीला होते, व्हीलचेअरवरून येणारे एक आजोबा रोज लांबूनच बघायचे. आणि टेंडरमध्ये उद्घाटनाच्या हारतुऱ्यांबरोबर दुरुस्तीचे पैसे पण धरा, सुरुवातीच्या दिवसांचेच नाहीत तर पावसाळ्याचे. वॉचमनकाकांना याच कामाचे दोन पैसे जास्त द्या, कारण खरं काम तर त्यांनीच चालवलं होतं, बनवणाऱ्याचं नाव बोर्डावर आहे, काकांचं नाही.

दोरी अजून तशीच आहे. परवा चालताना बघितलं तर डावीकडच्या खांबाच्या पंजावर, बरोब्बर मधोमध, कुणीतरी टिकली चिकटवून गेलंय, मरून रंगाची, मधल्या साईजची. मी नाही लावली, खरंच. काकांनी पण काढलेली नाही.

— एक वाचक, ठाणे (पश्चिम)