बाली मैना: कुऱ्हाडीपेक्षा पिंजरा घातक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतील बाली मैनेवरच्या लेखात हा पक्षी दुर्मीळ होण्याचे खापर जंगलतोडीवर फोडले आहे. बाली बेटाच्या वायव्य टोकाकडील रान शेतीपायी आणि वस्तीपायी आक्रसले, हे खरेच. परंतु बाली बारात राष्ट्रीय उद्यानात जे रान राखले गेले, तेथेही २००१ च्या सुमारास जेमतेम सहा पक्षी उरले होते, आणि त्याचे मुख्य कारण पिंजऱ्यासाठी होणारी धरपकड हे होते.

साळुंकीच्याच कुळातला हा पक्षी पांढराशुभ्र असून पंखांची व शेपटीची टोके तेवढी काळी आणि डोळ्यांभोवतीची उघडी कातडी निळी असते. मान खालीवर करीत तो डोक्यावरचा लांब तुरा फुलवतो, आणि हे देखणेपणच त्याच्या मुळावर आले. शेजारच्या जावा बेटावर घर, पत्नी, घोडा, खंजीर आणि पक्षी या पाच गोष्टी पुरुषाजवळ असाव्यात, असा जुना संकेत आहे. (या यादीत घोड्याला 'तुरंग्गा' आणि पक्ष्याला 'कुकिला' म्हणतात, आपली कोकिळा तिथे कशी पोचली, हे एखाद्या भाषातज्ज्ञाने जरूर लिहावे.) अशा हौसेपुढे कायद्याचे काय चालणार? १९९९ मध्ये तर रानात सोडण्यासाठी उद्यानात वाढवलेले जवळजवळ सर्व पक्षी सशस्त्र टोळीने पळवले. २००३ साली इंडोनेशियाच्या दोनशे रुपियाच्या नाण्यावर हाच पक्षी झळकला, तेव्हा रानात मात्र तो शोधूनही सापडेनासा झाला होता.

लेखात नुसा पेनिडाचा उल्लेखच नाही, याचे आश्चर्य वाटले. बालीच्या आग्नेयेस असलेल्या या बेटावर २००६ पासून पिंजऱ्यात जन्मलेल्या मैना सोडण्यात आल्या आणि तेथील गावांनी 'अविग-अविग' या आपल्या पारंपरिक ग्रामनियमांत त्यांना पकडण्यास बंदी घातली. सरकारी कायद्याहून गावकीचा धाक मोठा असतो, हे आपल्याकडच्या देवराया पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको.

आपण छापलेल्या छायाचित्राखाली 'मुक्त रानपाखरू' अशी ओळ आहे. त्या पक्ष्याच्या डाव्या पायात कडे स्पष्ट दिसते; म्हणजे तो बहुधा पैदास केंद्रात वाढून नंतर सोडलेला असावा. ती ओळ कृपया दुरुस्त करावी.

आपला,
एक पक्षीप्रेमी वाचक