फलकावर निसर्ग, नाल्यात काँक्रीट : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटलं, तेव्हा आमच्या वस्तीत नाल्याचं पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर आपण पाहणीला आलात. चिखलात उभं राहून सगळ्या गल्लीसमोर आपण शब्द दिलात की, नाल्याचं काम विद्यापीठातल्या आमच्या भूगोल विभागाने केलेल्या आराखड्याप्रमाणेच होईल आणि काठावरच्या एकाही झाडाला हात लागणार नाही. आराखड्याची प्रत आपल्या हातात मीच दिली होती. आपण ती चाळलीत, ‘आपल्याच लेकरांनी केलंय, चांगलंय’ म्हणालात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मागच्या आठवड्यात तिथे जेसीबी आला. वरच्या पुलापासून मारुतीच्या देवळापर्यंतचा सगळा काठ भुईसपाट झाला. कडुनिंब गेले, करंज गेले, उंबर गेले. जुनी चिंच दोर लावून ओढून पाडली. झाड तोडण्याआधी त्या झाडावर नोटीस चिकटवावी, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन हरकती मागवाव्यात, असं १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा सांगतो. वस्तीत कुणीही ना नोटीस पाहिली ना जाहिरात. आता दोन्ही बाजूंना सळया उभ्या आहेत, तळात काँक्रीट ओतणं चालू आहे आणि पुलाशी आपल्या फोटोचा फलक लागलाय : ‘निसर्गाधारित उपाययोजनेअंतर्गत नाला काँक्रीटीकरण व सुशोभीकरण’.

हे शब्द आमच्या आराखड्याच्या पहिल्या पानावरून उचललेले आहेत, महोदय. आतली पानं कुणी उघडलीच नाहीत. म्हणून ती इथे उघडते.

मी तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. शहरातले नाले, झाडं आणि उष्णता हा माझ्या पीएच.डी.चा विषय. मी आणि आमच्या विभागातली मुलं-मुली भर उन्हाळ्यात त्या काठाने फिरून नोंदी घेत होतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यांना भोकं पाडून त्यात तापमापकं ठेवलेली, डबे सुतळीने बुंध्यांना बांधलेले. दुपारी झाडाखालची आणि शेजारच्या पेव्हर ब्लॉकवरची नोंद एकाच वेळी घ्यायची. फरक इतका यायचा की नवी मुलं यंत्र बिघडलं म्हणून परत परत तपासायची. रात्री तर तो आणखी ठळक दिसायचा. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ते बाहेर टाकत बसतं, त्यामुळे पत्र्याच्या घरांत पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. झाडाचं तसं नाही. ते सावली तर देतंच, शिवाय मुळांनी ओढलेलं पाणी पानांवाटे हवेत सोडतं आणि भोवतालची उष्णता त्यात खर्ची पडते.

ही काही आमच्या मनातली कल्पना नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी सायकलला तापमापक बांधून मॅडिसन शहराचे रस्ते पालथे घातले. २०१९ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : एखाद्या वस्तीच्या चाळीस टक्के भागावर झाडांचं छत्र असेल तर गारव्याचा फायदा सगळ्यात जास्त मिळतो. युरोपातल्या ९३ शहरांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. वृक्षाच्छादन तीस टक्क्यांवर नेलं असतं तर एका उन्हाळ्यात अडीच हजारांवर माणसं वाचली असती, असा त्याचा हिशोब आहे. ती थंड मुलखातली शहरं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या खाली उतरायला तयार नसतो, आणि आम्ही चिंचेला दोर लावतो.

आता पाण्याचं सांगते, कारण आपल्या अभियंत्यांनी मला ‘मॅडम, झाडांचं ठीक आहे, पण पुराचं काय?’ असं विचारलं होतं. पुराचंच तर सगळं आहे! आपली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून आत जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरच्यावर वाहायला लागतं. मातीखाली मुरूम, मुरमाखाली बेसॉल्टचा कातळ. पाणी राहतं ते मुरमात आणि कातळाच्या फटींत. नाल्याने माती कापून जिथे मुरूम उघडा पाडलेला असतो, ती पाणी मुरायची हक्काची जागा. आम्ही तिथे लोखंडी कडं ठोकून, त्यात पाणी ओतून, घड्याळ लावून पातळी बघायचो. देवळामागच्या मुरमाच्या पट्ट्यात ओतलेलं पाणी बघता बघता गडप व्हायचं. जेसीबीने दाबून सपाट केलेल्या जागी तेच पाणी उन्हात तापत उभं राहायचं. नेमक्या त्या मुरमावर तुम्ही काँक्रीट ओतताय. आसपासच्या विहिरी आणि बोअर कशावर जगायच्या?

पात्र अरुंद करून दोन्हीकडे भिंती घातल्या की पाण्याचा वेग वाढतो. वरच्या कॉलनीतलं पाणी झटकन निघून जातं, तिथले लोक खूश. ते सगळं एकदम येऊन आदळतं खालच्या मोरीवर, म्हणजे आमच्या घरांवर. आमच्या आराखड्यात वळणावरचं पटांगण मोकळं ठेवून त्याची कड उतरती केली होती. पुराचं पाणी काही तास तिथे पसरेल, मग ओसरेल, एरवी तिथे लेकरं खेळतील. काठाला पायऱ्या-पायऱ्यांनी उतार, त्यावर वाळ्याचं गवत, कारण त्याची मुळं खोल जाऊन माती धरून ठेवतात. वर आपलीच झाडं. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो तिथवर, काहीही बांधायचं नाही. सिंगापूरने हेच केलं. बिशान भागातला २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा कालवा त्यांनी फोडला आणि त्याजागी ३.२ किलोमीटरची वळणं घेत जाणारी नदी पुन्हा वाहती केली. २०१२ साली ते काम पुरं झालं. जगातली श्रीमंत शहरं काँक्रीट फोडतायत आणि आमच्याकडे ते ओतण्यासाठी निधी मंजूर होतोय. तोही निसर्गाच्या नावावर.

तापमापकं शोधत मी लाकडाच्या वखारीत गेले. ओंडक्यांच्या ढिगात वृक्षगणनेचा क्रमांक रंगवलेला एक बुंधा ओळखू आला. आमची सुतळी त्याला तशीच होती, डबा चेपून सपाट झालेला. कापलेल्या जागी लाकूड अजून ओलं होतं. वखारवाल्याने कीव करून विचारलं, ‘ताई, तुमचं काही हरवलं का?’

हो, हरवलं. माझे वडील मोंढ्यात हमाली करून थकलेले. मागच्या उन्हाळ्यात त्यांना उष्माघात झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, दुपारी पत्र्याखाली ठेवू नका. आम्ही त्यांची बाज नाल्याकाठच्या कडुनिंबाखाली टाकायला लागलो. आजूबाजूचे चार-पाच म्हातारे तिथेच जमायचे, बायका गोधड्या घेऊन बसायच्या, बाळंतीण लेकरू घेऊन यायची. कूलर घ्यायची ऐपत नसलेल्या माणसांची ती दुपार होती. आता अण्णा ओला पंचा डोक्यावर घेऊन उंबऱ्यात बसतात आणि थोड्या थोड्या वेळाने विचारतात, ‘सायेबांनी तर सांगितलं होतं ना?’ त्यांना काय उत्तर देऊ, ते तुम्हीच लिहून पाठवा. त्या पुरात माझ्या नोंदींच्या वह्या भिजल्या, त्यांची पानं तव्यावर वाळवली. पीठ गेलं, गाद्या गेल्या, आईची शिलाई मशीन गंजली. पंचनामा झाला. त्याचं पुढे काय झालं, हे तलाठ्यालाही सांगता येत नाही. तरी मी म्हणत होते, निदान नाल्याचं काम तरी शहाणपणाने होईल.

आणि शहाणपण कुणाकडून घ्यायचं, याचंही तुमचं ठरलेलं असतं. प्रकल्प अहवाल करायला बाहेरून सल्लागार आला. त्याने एका दुपारी ड्रोन उडवला आणि गेला. त्याच्या अहवालातल्या चित्रात काठावर बॉटल पाम आहेत, ज्यांच्या सावलीत कोंबडीही बसत नाही. गुत्तेदाराला कोनोकार्पस ही परदेशी झाडं लावायची आहेत, भराभर वाढतात म्हणून. गुजरातने २०२३ मध्येच ती झाडं लावायला बंदी केली. इकडे आमच्या विभागात मंजूर जागा रिकाम्या आहेत आणि आमच्यासारखे तासावर राबतात. मानधन कधी निघेल याचा भरवसा नाही. माझी तापमापकं मी शिकवण्या घेऊन आणली होती. विद्यापीठांतलं संशोधन समाजाच्या उपयोगाचं हवं, असं तुम्ही प्रत्येक दीक्षान्त समारंभात सांगता. उपयोगाचं करून तुमच्या हातात ठेवलं, तर त्याची तुम्ही ही गत केलीत.

अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उन्हाच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर तिथल्या महापालिकेने संशोधकांना सोबत घेतलं आणि २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा अमलात आणला. मराठवाड्यात मात्र माणसं मेल्यावर समिती, पाणी संपल्यावर टँकर. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. त्यातून आपण शिकलो काय? जिथे पाणी मुरतं ती जागा बुजवायला? याच मुलखात निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातलं पाणी जमिनीखालून नहरीने आजच्या छत्रपती संभाजीनगरात आणलं. गावोगावी बारवा बांधणारे कारागीर इथलेच. आज त्यातल्या कितीतरी बारवांत कचरा आहे.

२०१९ साली एका पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं जाहीर झालं होतं. आमच्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला आलेल्यांपैकी किती उभी आहेत, ते एकदा दाखवा. मराठवाडा-विदर्भाला विकासात वाटा देण्याची हमी देणारा नागपूर करार झाला १९५३ ला. मराठवाड्याला न्याय्य वाटा मिळावा म्हणून वैधानिक विकास मंडळ आलं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२३ च्या सप्टेंबरात छत्रपती संभाजीनगरला मंत्रिमंडळाची बैठक झाली, हजारो कोटींचे आकडे वाचून दाखवले गेले. आमच्या नाल्यापर्यंत त्यातलं पोचलं ते काँक्रीट. निधी खर्ची पडायला हवा, मार्चअखेरीस देयक निघायला हवं, आणि देयक भिंतीचं, फरशीचं, ब्लॉकचं निघतं. उभ्या झाडाचं देयक निघत नाही. मुरमात मुरलेल्या पाण्याची मोजमाप पुस्तिकेत नोंद होत नाही. तुमच्या सगळ्या यंत्रणेचं दुखणं मला इथे दिसतं. तुमच्याआधी जे होते त्यांच्या काळातही हेच होतं, म्हणून पक्षाचा प्रश्न मध्ये आणू नका.

मी शहराचं नाव लिहिलेलं नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि बाकीच्या सात जिल्ह्यांतल्या वाचकांना आपापला नाला आठवेलच.

देवळापासून खालच्या मोरीपर्यंतचा पट्टा अजून शाबूत आहे. तिथले करंज, बाभळी आणि वळणावरचं पटांगण वाचवता येतं. तिथलं काम थांबवण्याचा लेखी आदेश द्या. वरच्या भागात तळात काँक्रीट पूर्ण ओतलं गेलेलं नाही, निदान तळ उघडा ठेवा. तोडलेल्या झाडांची परवानगी कुणी दिली, ते वृक्ष प्राधिकरणाकडून जाहीर करवा. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे जेवढं झाडाचं वय तेवढी नवी झाडं लावून सात वर्षं जगवावी लागतात. ती देशी असावीत आणि याच काठावर लागावीत, शहराबाहेरच्या माळावर नकोत. अंदाजपत्रक आणि नकाशे वस्तीत लावा, लोकांना वाचू द्या. आणि यापुढे अशा कामात जवळच्या विद्यापीठाचा विभाग रीतसर करार करून, पैसे देऊन सोबत घ्या, फोटोपुरतं नको.

मृग ७ जूनला निघतो. हे सगळं त्याआधी व्हायला हवं, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात पाणी पुन्हा आमच्या चुलीत येईल. आदेश निघेपर्यंत वस्तीतल्या बाया आणि आमचे विद्यार्थी खालच्या पट्ट्यावर पाळीपाळीने बसणार आहेत. पोलिसांची गाडी पाठवण्याआधी तुमचा अभियंता पाठवा. आराखड्याची दुसरी प्रत आमच्याजवळ आहे.

आपली,
नाल्याकाठच्या वस्तीत राहणारी, तासिका तत्त्वावरची एक प्राध्यापिका