नळाची चावी

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "वरच्यांनी दोन महिने भाडं दिलं नाही ना? मग पाणी बंद कर." कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला, पण ते डोक्यातून जाईना.

हा उपाय बाबांनी एकदा करून पाहिलाय. तू तिसरीत असशील. जिन्याखालची चावी तावातावाने फिरवली आणि स्वतः आंघोळीला गेले. आपली मोरीही त्याच लाइनवर आहे, हे अंगाला साबण लागल्यावर कळलं! शेवटी वरच्या काकूंनीच पिंपातलं बादलीभर पाणी आणून दिलं. पुढे आठवडाभर त्या जिन्यात दिसल्या की बाबा पेपरात तोंड घालायचे. गंमत सोड. सबळ कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी, वीज तोडायला भाडे नियंत्रण कायद्यात मनाई आहे.

आणि यावेळची खरी चूक माझी आहे. करार जूनमध्येच संपला. रोज जिन्यात भेटणाऱ्या, माझी दुधाची पिशवी वर आणून देणाऱ्या माणसाला "चला, नोंदणी करू" म्हणायला जीभ रेटेना. तोंडीच "राहा" म्हणून बसले. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हे तुझ्या मामाचं ज्ञान. पण त्याच १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही! उद्या डिपॉझिटवरून वाद झाला तर मी काय दाखवू, भिंतीवरचं कॅलेंडर?

आज संध्याकाळी वर जाऊन आले. त्याचा पगार अडकलाय. एका महिन्याचं गुरुवारी देतो म्हणाला, उरलेलं दोन हप्त्यांत. तेही नव्या करारात लिहून घेणार आहे. त्याच्या बायकोच्या ओल्या साड्या माझ्या पापडांवर ठिबकतात, हेही सांगायचं होतं, पण तिने चहा टाकला. राहिलं.

शनिवारी एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतोय. साक्षीदार दोन लागतात. एक मागचे आजोबा, दुसरा तू. आधार कार्ड विसरू नकोस. आणि जिन्याखालच्या चावीला वॉशर आण, आठवडाभर गळतेय.

तुझी,
आई