यशकथा छापता, तर आकडेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिला दिन असो, नवरात्र असो की दिवाळीच्या फराळाचा हंगाम, मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत उद्योजिकांच्या मुलाखती हमखास असतात. त्यात जिद्द असते, सासूबाईंचा पाठिंबा असतो, पहिली ऑर्डर कशी मिळाली तेही असते. नसतात ते आकडे. भांडवल किती लागले, ते कुणाकडून आणि किती टक्क्यांनी घेतले, किलोमागे हातात काय उरते, उधारी किती अडकली आहे, बाई स्वतःला महिन्याला काय देते, यातले काहीच वाचायला मिळत नाही. 'आज लाखोंची उलाढाल' या तीन शब्दांवर सगळे भागते. त्या लाखोंतून माल, भाडे, मजुरी आणि हप्ते गेल्यावर काय राहिले, हे विचारायचे कुणाच्या मनात येत नाही.

लिज्जतची गोष्ट आठवून पाहा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. त्यातला ८० चा आकडा आणि 'उसने' ही कबुली आजवर कुणी लपवली नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेही गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेण्यासाठीच. म्हणजे मुंबईतल्या बायकांच्या उद्योगाचा इतिहास कर्जाचे आणि व्याजाचे आकडे बोलूनच घडला आहे. मग आजच्या मुलाखतींनाच पैशाचे एवढे वावडे का?

छोट्या उद्योजिकांचे हिशेब पाहताना आम्हाला सर्वांत मोठे भोक दिसते ते दरात. साधे उदाहरण २१ उकडीच्या मोदकांचे. बाजारभाव रोज हलतो, तेव्हा रकमा अंदाजाने धराव्यात. दोन नारळ ११० रुपये, ३०० ग्रॅम गूळ २५, ४०० ग्रॅम पिठी ५०, तूप ३५, वेलची-केशर २५, गॅस २५, डबा आणि केळीचे पान ३०. झाले ३०० रुपये. बहुतेक जणी इथेच थांबतात आणि 'एक मोदक साधारण चौदाला पडतो, २५ ला विकते, म्हणजे अकरा सुटतात' असे सांगतात.

आता घड्याळ लावा. नारळ खोवायला २० मिनिटे, सारणाला २५, उकड काढून मळायला २५, पाऱ्या करून कळ्या काढायला तासभर, वाफवायला २०, डबा भरायला १०, भांडी आणि ओटा आवरायला २०. एकूण तीन तास. या तासांचा भाव काय धरायचा, हा प्रश्न अवघड वाटतो, पण तो तसा नाही. उद्या स्वतः आजारी पडलात आणि तेच काम येणाऱ्या मदतनीसाकडून करून घ्यायचे ठरले, तर तिला तासाला जे द्यावे लागेल, तोच आपला भाव. तो ११० रुपये धरला तर ३३० होतात. सामान ३०० आणि मजुरी ३३० मिळून ६३०. फुटलेला मोदक, मोदकपात्राची झीज, फोन आणि बसभाडे यांसाठी दहा टक्के चढवा. रक्कम ६९३ वर जाते आणि मोदक ३३ रुपयांना पडतो, तोही एक पैसा नफा न धरता.

२५ च्या भावाने हे लगेच अंगावर येत नाही, कारण आपल्या मजुरीचे बिल कुणी हातात देत नाही. ५२५ रुपये आले, ३०० सामानाला गेले, २२५ उरले, बाई खूश. अंगावर येते ते धंदा वाढल्यावर. गणेशोत्सवात ऑर्डरी दुप्पट होतात, मदतनीस ठेवावी लागते, तिला तीन तासांचे ३३० द्यावे लागतात आणि प्रत्येक २१ मोदकांमागे १०५ रुपये पदरचे जातात. 'हाताखाली माणूस घेतला की परवडत नाही' अशी तक्रार फराळवाल्या, शिवणकाम करणाऱ्या आणि घरी पार्लर चालवणाऱ्या, सगळ्याच करतात. मदतनीस महाग असते म्हणून हे होत नाही. मूळ दरात मजुरी कधी धरलेलीच नसते.

फुकटात जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे घरचे सामान. १५ किलोच्या तेलाच्या डब्यातून चकल्याही तळल्या जातात आणि घरची भाजीही होते. मग महिनाअखेरीस तेल नेमके कुणी खाल्ले, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. धंद्याचे तेल, पीठ आणि सुकामेवा वेगळ्या डब्यांत ठेवावा. तेलाच्या डब्यावर मार्करने पातळीची खूण करून शेजारी तारीख लिहावी. धंद्याच्या डब्यातून घरासाठी घेतले तर वहीत 'उचल' म्हणून मांडावे. गल्ल्यातून मुलाची फी भरली तर तीही उचलच. हे महिनाभर केले की धंद्यातून घरात प्रत्यक्ष किती गेले ते कळते. पुढच्या महिन्यापासून साधारण तेवढाच आकडा स्वतःचा पगार म्हणून दर १ तारखेला धंद्याच्या खात्यातून आपल्या बचत खात्यात टाकावा. तेवढेही सुटत नसेल, तर गल्ल्याला हात लावण्याऐवजी दर तपासावा.

दर तोंडाने सांगणे ही अनेकींची खरी अडचण. समोरच्या बाई ओळखीच्या, म्हणून 'तुम्हीच द्या काय ते' निघून जाते आणि मग मिळेल ते घेऊन रात्रभर चडफडायचे. यावर उपाय म्हणजे दर आधी लिहून पाठवणे. व्हॉट्सअॅपवर चार ओळी पुरतात: '२१ मोदक, ८०० रुपये. निम्मी रक्कम ऑर्डर देताना. पोहोचवण्याचा खर्च वेगळा. हा दर रविवारपर्यंत.' शेवटची ओळ विसरू नये. श्रावणापासून नारळाचा भाव वर जातो आणि जुन्या दराचा मेसेज दाखवणारे गिऱ्हाईक हटकून निघते. 'थोडे कमी करा ना' असे आले तर दराला हात न लावता नग कमी करावेत: 'बजेट कमी असेल तर ११ घ्या, ४२५ होतील.'

आता खात्याकडे वळतो. दादर, परळ, ठाकूरद्वार, कुठल्याही छोट्या स्टॉलवरचा क्यूआर स्कॅन करून पाहा. उभी असते बाई, आणि स्क्रीनवर नाव येते नवऱ्याचे किंवा मुलाचे. घरात भांडण नसेलही, पण जमा त्याच्या नावावर होते. कर्जासाठी बँक मागते ते अर्जदाराच्या खात्याचे सहा महिने ते वर्षभराचे उतारे, आणि हिचे खाते कोरडे असते. मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजार, किशोरमध्ये ५ लाख आणि तरुणमध्ये १० लाखांपर्यंत कर्ज विनातारण मिळते. तरुण कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी २०२४ पासून मर्यादा २० लाखांची झाली आहे. तारण मागत नाहीत म्हणूनच उताऱ्याला महत्त्व. एवढा वर्षभराचा धंदा तिथे दिसला नाही, तर अर्ज शिशूच्या पुढे सरकणे कठीण.

क्रम असा ठेवावा. आधी उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडे छोट्या उद्योगाची नोंद, करावी. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळे दलालांची असतात, पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' असलेलेच संकेतस्थळ उघडावे. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर गुमास्ता (दुकाने व आस्थापना) कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तिची पावती जपून ठेवावी. या दोन कागदांवर धंद्याच्या नावाने चालू खाते उघडते. किमान शिल्लक किती ठेवावी लागेल, हे दोन-तीन बँकांत विचारून मगच खाते निवडावे. क्यूआर त्या खात्याला जोडावा आणि जुना स्टिकर खरवडून काढावा. दोन्ही राहिले तर गिऱ्हाईक नेमका जुनाच स्कॅन करते.

'सगळे खात्यावर आले की जीएसटी मागे लागेल' ही भीती आम्हाला रोज ऐकू येते. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, तेव्हापासून तर जास्तच. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्यांना वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. केटरिंग सेवेत मोडते, हे ध्यानात ठेवावे. भिशीचे पैसे, नणंदेने परत केलेले उसने आणि ऑर्डरीची रक्कम एकाच खात्यात पडली, की सगळी जमा उलाढाल नाही हे आपल्यालाच सिद्ध करत बसावे लागते. वेगळे खाते त्यासाठीही हवे.

कर्जाच्या व्याजाबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती कागदावर मांडून पाहावी. '१२ टक्के फ्लॅट' दराने वर्षासाठी ५० हजार घेतले तर व्याज ६ हजार आणि हप्ता ४,६६७ रुपये. ऐकायला स्वस्त वाटते. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते आणि व्याज मात्र पूर्ण ५० हजारांवर लागलेले असते, त्यामुळे खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांसोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावेच लागते, आणि तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मराठीत मागावा. शिवाय वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा आणि परतफेडीचा अहवाल, फुकट मिळतो, तो काढावा. कधीकाळी नवऱ्याच्या किंवा दिराच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून सही केलेली असते आणि त्याचे थकलेले हप्ते तिथे आपल्या नावापुढे दिसतात. हे बँकेच्या टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

उधारी हा तर न संपणारा विषय. कंपन्यांच्या दिवाळी भेटींच्या ऑर्डरी मोठ्या असतात आणि पैसे संक्रांत उलटली तरी येत नाहीत. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाला, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय आयकराच्या नियमामुळे वेळेत न दिलेली रक्कम कंपनीला ती प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्चात धरता येते, आणि कंपनीच्या लेखा विभागाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून नोंदणी माल देण्याआधी करावी, आणि बिलावर उद्यम क्रमांक व देय तारीख ठळक छापावी. बरेचदा तक्रारीची वेळ येत नाही. आली तर अशा थकलेल्या रकमांसाठी सरकारचे ऑनलाइन पोर्टल आहे. मात्र सुरतेहून साड्या आणून नुसत्या विकणाऱ्या बाईला या तरतुदीचा लाभ नाही, तो स्वतः माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे.

पैशाबद्दल मोकळेपणा म्हणजे चाळभर दवंडी पिटणे, असा अर्थ कुणी घेऊ नये. बँकेला आणि हिशेब लिहिणाऱ्याला सगळे सांगावे. घरी पगार आणि कर्ज दोन्ही सांगावे, कारण कर्ज लपवले की पहिला हप्ता चुकल्यावर ते भलत्याच तोंडून कळते. खात्यातली शिल्लक नातेवाइकांना सांगायची गरज नाही. 'दोन महिन्यांसाठी दे' म्हणणारे तिथूनच उगवतात. आणि आपल्याच धंद्यातल्या बायकांना खर्च आणि दर सांगावेत. आपल्याकडे भिशीत कुणाची किती रक्कम कधी लागली हे बाराही जणींना तोंडपाठ असते, पण शेजारी बसलेली ब्लाउजच्या शिलाईचे किती घेते हे विचारायला जीभ रेटत नाही. सगळ्यांनी एकच दर लावावा असे आम्ही म्हणत नाही. अस्तर, हुक आणि फॉलला काय पडते, क्रॉफर्ड मार्केटात डबे काय भावाने मिळाले, कोणत्या बँकेने कोणते कागद मागितले, एवढे जरी भिशीच्या दिवशी बोलले गेले तरी पुष्कळ.

म्हणून आपल्याला विनंती. यापुढे उद्योजिकेची मुलाखत छापाल तेव्हा खाली एक छोटी चौकट द्यावी: सुरुवातीचे भांडवल आणि ते कुठून आले, कर्जाचा खरा वार्षिक दर, एका नगाचा खर्च व विक्रीचा दर, आजची येणे उधारी, आणि मालकिणीचा महिन्याचा पगार. नेमका आकडा सांगायला संकोच वाटला तर 'दहा ते पंधरा हजार' अशी मर्यादा चालेल. पगाराचा प्रश्न वार्ताहराने शेवटी न विचारता सुरुवातीलाच विचारावा. उत्तर 'सगळे धंद्यातच घालते' असे आले तर तेही तसेच्या तसे छापावे, आणि त्याच बैठकीत एका नगाचा खर्च वेळेसकट मांडून घ्यावा. दहा मिनिटांचे काम आहे, कागद-पेन्सिल पुरते.

आपल्या,
छोट्या उद्योजिकांचे हिशेब पाहणाऱ्या काही जणी,
दादर, मुंबई